एकवीस दिवस माफ

तीर्थरूप मावशीस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (खरोखर पालथी पडून घालते आहे असं समज. तशीच वेळ आहे.) तब्येत कशी आहे असं तुला विचारायची सोय नाही, कारण "मला काय धाड भरलीये?" हे तुझं उत्तर मला इथे बसून ऐकू येतं. आम्ही सगळे ठीक.

पत्रास कारण की, मी नोकरी सोडली. "पुन्हा?" असं म्हणू नकोस. खुर्च्यांच्या कंपनीतलं ते तक्रारी ऐकण्याचं काम अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होतं आणि त्यातले सात मी निमूट काढले. दिवसभर फोनवर, पडलेल्या माणसांची समजूत काढायची. (खुर्चीवरून पडलेला माणूस आधी कंपनीच्या आईचा उद्धार करतो, मग माझ्या. तुझ्या बहिणीचं नाव रोज सात-आठदा तरी निघायचं.) अशात मला अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायचं काम मिळालं. मावशी, माझ्या आवाजासाठी मला कुणीतरी घेतलंय! आजवर याच आवाजासाठी मला घरात गप्प बसवायचे. अट एकच, येत्या सोमवारी हजर व्हायचं; नाहीतर दुसरी बाई तयारच आहे.

आणि आमच्या कंत्राटात तीस दिवसांची नोटीस! राजीनामा दिला त्याच संध्याकाळी सगळ्यांनी मला निरोप देऊन टाकला. भाषणं झाली, रिसेप्शनवरच्या बाई तर हुंदके देऊन रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा हजर. रडून मोकळ्या झालेल्या माणसांना माझ्याशी काय बोलावं कळेना. बाई तर मला बघून फुकट रडल्यासारखा चेहरा करायच्या. तिसऱ्या दिवशी टेबल गेलं, चौथ्या दिवशी फोन. मग माझी रवानगी गोदामात, परत आलेल्या मोडक्या खुर्च्यांमध्ये. तिथे मी दोनदा पडले. तक्रार करणार कुणाकडे? ती घेणारी मीच.

सातव्या दिवशी माझ्या जागी एक गृहस्थ आले. त्यांना काम शिकवायचं म्हणून मी तासभर जुन्या तक्रारी वाचून दाखवल्या, शिव्यांसकट. "जरा पाणी पिऊन येतो," म्हणाले, ते गेले ते गेलेच. ना राजीनामा, ना निरोप, ना रडारड. त्या माणसाला मी मनोमन गुरू केलं.

नवव्या दिवशी साहेबांच्या खोलीत शिरले. साहेब म्हणजे अवाढव्य, झुपकेदार मिशांचा माणूस. ऑफिसात सगळे त्यांना 'रणगाडा' म्हणतात. पाठ केलेली वाक्यं ऐनवेळी दगा देऊन गेली आणि तोंडून निघालं, "साहेब, माझी मावशी फार आजारी आहे. माझ्याशिवाय तिला कुणी नाही." (रागावू नकोस. आईला आजारी पाडायला जीभ रेटेना आणि बाबांना साहेब ओळखतात.) वाटलं, आता फाडून खाणार. तर रणगाड्याचे डोळे भरून आले!

"मला मावशीनंच वाढवलं हो," ते म्हणाले. "ती गेली तेव्हा मी कामावर होतो. नोटीस गेली खड्ड्यात. तुम्ही जा."

आणि उरलेले एकवीस दिवस माफ केल्याच्या कागदावर त्यांनी सही ठोकली. मला इतकी शरम वाटली म्हणून सांगू! खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलंसुद्धा. पण कागद हातात आला होता. मिटलं.

तर अशी मी सुटले. काकांना, तिन्ही दादांना, वहिन्यांना आणि पोराटोरांना, म्हणजे घरातल्या अकराही जणांना यथायोग्य सांग.

तुझीच,
भाची

ता. क. : रविवारी साहेब तुला बघायला येणार म्हणतात, फळं घेऊन. नको नको म्हटलं, तर रुमाल काढून डोळे पुसायला लागले. पंधरा मिनिटं पांघरूण घेऊन पडशील ना? कण्हायची सक्ती नाही.

ता. क. २ : त्या अकरा जणांना तेवढा वेळ गच्चीवर पाठवता आलं तर बघ.

ता. क. ३ : धीर होईना म्हणून पत्र टाकलंच नाही, तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. आज रविवार. दाराखालून सरकवते आहे, कारण तोंडानं सांगितलं तर तू ओरडशील आणि जिन्यात ऐकू जाईल. साहेब दुसऱ्या मजल्यावर दम खात उभे आहेत. तुझा चौथा. इथवर वाचलं असशील तर आडवी हो.