पट्टा पाठवत नाही

दि. ५ फेब्रुवारी

खिडकीच्या बाजूच्या धाकटीस,
दाराच्या बाजूच्या थोरलीचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोन केला की तुझी आई उचलते आणि 'ती पडलीय' म्हणून ठेवून देते, तेव्हा आपलं कागदावरच बरं. इकडे सगळं ठीक. तुझा नवरा तू नाहीस म्हणून उसासे टाकतो, पण उसाशांनी त्याचं जेवण काही कमी झालेलं नाही. माझे हे नेहमीसारखेच, चार वेळा विचारलं तर एकदा बोलतात.

तुझा कमरेचा पट्टा मागवलायस. सापडत नाही. कपाट उघडायलाच सवड झालेली नाही. बघते.

मेट्रनला सांगायला दिलेला निरोपही अजून सांगितलेला नाही. म्हणे 'मी आता परत येत नाही'! तुझी जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवणार आहेत, मग दुसरी कुणीतरी येईल. कंबर तिसऱ्यांदा धरली म्हणून इतक्या वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडायचं? एकाच वॉर्डात दोन जावा, कॉटच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी, असं किती पेशंट उचलले असतील आपण. लोक म्हणायचे, घरात भांडत असतील, इथे कशा एका दमात उचलतात बघा.

आता इथली करमणूक ऐक. तू पडलीस, तुझ्यामागून शेजारच्या वॉर्डातल्या दोघी पडल्या, तेव्हा मोठ्या साहेबांना साक्षात्कार झाला की नर्सलाही पाठ असते. लगेच भिंतीवर चित्र लावलं. त्यात एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस गुडघे वाकवून खोकं उचलतोय. अगं, खोकं! खोक्याला कोपरे असतात. खोकं घाबरत नाही. खोकं मध्येच 'आई गं' करून तुझ्या गळ्याला मिठी मारत नाही. त्या चित्राखाली उभं राहून साहेबांनी भाषण ठोकलं, 'पाठ ही आपली संपत्ती आहे.' टाळ्या झाल्यावर म्हणाले, 'सिस्टर, जरा ते टेबल उचलून बाजूला ठेवता का?' ठेवलं बाई. संपत्तीतलं तेवढं तिथेच खर्ची पडलं.

शिकवायला व्यायामाची एक बाई आणलीय. हातात झाडूचा दांडा. तो आपल्या पाठीला उभा लावते, आणि डोकं, पाठ, बूड असं तिन्ही त्याला टेकलेलं ठेवून वाकायचं. मी तिचं नाव 'काठी' ठेवलं, संध्याकाळपर्यंत वॉर्डभर झालं. मग जमिनीवर रांगायच्या बेतात ओणवं व्हायचं, एक हात पुढे ताणायचा आणि दुसऱ्या बाजूचा पाय मागे. आपल्या वॉर्डातली मावशी तशीच थरथरत मला म्हणते, 'सिस्टर, हे नवऱ्यानं बघितलं तर घरात घेईल का?' आणि हे सगळं ड्युटी संपल्यावर, पायांचे तुकडे पडलेले असताना! पाय कुणाचे, अक्कल कुणाची! मी गेले होते ती फक्त बघायला.

अक्षर वाकडं आलंय, कारण ओट्याशी उभी राहून लिहितेय. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे आहेत.

थोरली

दि. १४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या पत्रात सतरा वेळा पट्टा. पट्टा म्हणजे काय तुझं सौभाग्य आहे? शोधतेय म्हटलं ना.

तू लिहितेस, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी? तुझ्या आईनं. पहिल्यांदा कंबर धरली तेव्हा पडून राहिलीस, बरी झालीस, आलीस, पूर्वीसारखंच उचललंस आणि पुन्हा पडलीस. दुसऱ्यांदाही तेच. जित्याची खोड! आता तिसऱ्यांदा पलंगाला असं चिकटायचं ठरवलंयस की तुला सोलून काढावं लागेल. नर्स ना तू? ऑपरेशन झालेल्याला दुसऱ्या दिवशी दरडावून चालायला लावणारी तूच ना?

काठीच्या वर्गाला मी अधूनमधून जाते. बघायला. परवा अगदी राहवलं नाही. म्हटलं, 'बाई, तुमची खोकी पुरे झाली. मी कॉटवर झोपते. माझं वजन तुम्हाला दिसतंयच. मला उशाकडे सरकवून दाखवा.' सगळ्या खिदळायला लागल्या. म्हटलं, आता हिची फजिती बघू.

ती माझ्याकडे बघतच नव्हती, कॉटकडे बघत होती. म्हणाली, 'कॉट एवढी खाली का?'

आम्ही एकमेकींची तोंडं बघितली. कॉट खालीच असते की.

'वर करायचा दांडा असेल ना?'

'आहे, मेट्रनबाईंच्या कपाटात,' मावशी म्हणाली. तुला आठवतंय? एक दांडा हरवला म्हणून मेट्रननं सगळ्या वॉर्डांचे दांडे गोळा करून कुलपात घातले, आणि कॉटी ज्या खाली बसल्या त्या बसल्याच. पेशंट पुसायचा तो वाकून, सुई लावायची ती वाकून, चादर बदलायची ती वाकून. मेट्रनचे दांडे सुखरूप आणि आपल्या कमरा बाद. शाब्बास! आणि माझ्या तोंडाला सगळा वॉर्ड घाबरतो, पण 'दांडा द्या' एवढे दोन शब्द त्या तोंडातून कधी निघाले नाहीत.

काठी स्वतः जाऊन दांडा घेऊन आली. तो फिरवून फिरवून कॉट कमरेपर्यंत आणली. ती माझ्यावर वाकली तसे मी पेशंटसारखे तिच्या गळ्यात हात टाकले. 'काढा ते,' म्हणाली. 'गळ्याला लटकलेल्या माणसाचं सगळं वजन कमरेत उतरतं. हात छातीवर घ्या. गुडघे वाकवा, टाचा गादीत रोवा.' मग एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला एक नवी पोरगी. दोघींनी माझ्याखालची आडवी चादर अंगाशी घट्ट धरली, पाय फाकवून गुडघे सैल सोडले आणि एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. उचललं नाहीच, नुसतं सरकवलं. मी उशाला पोचले तरी काठीला धाप लागलेली नव्हती.

मला इतका राग आला म्हणून सांगू! तिचा नाही. तुझ्या गळ्यात पडणाऱ्या त्या सगळ्या आजोबांचा आणि आजींचा. 'लेकी, तुझ्या गळ्यात हात टाकला की भीती वाटत नाही,' असं म्हणायचे आणि तू लोण्यासारखी विरघळायचीस. त्या मिठ्यांनी तुझी कंबर खाल्ली, धाकटे.

ती नवी पोरगी तुझ्या बाजूला उभी होती, खिडकीच्या. हात बर्फासारखे गार. पेशंटला किंचाळायला लावेल.

मेट्रनला अजून काही बोललेले नाही. पट्टा मिळाला की कळवते. खुर्चीवर अजून कपडेच आहेत.

थोरली

दि. २३ फेब्रुवारी

धाकटे,

आज खुर्चीत बसून लिहितेय. खरं सांगायचं तर खुर्चीवर कपडे कधी नव्हतेच. मला बसता येत नव्हतं.

तू माहेरी गेलीस त्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळची ड्युटी, पेशंटच्या अंघोळीच्या पाण्याची बादली उचलायला वाकले आणि अशी कळ आली की तशीच राहिले, बादलीची कड धरून, अर्धी वाकलेली. मावशीनं बघितलं. तिला गळ्याची शपथ घातली. घरी आल्यावर तुझं कपाट उघडलं, पट्टा काढला आणि गणवेशाच्या आत बांधला. तेव्हापासून तो माझ्याच कमरेला होता. आता कर काय करायचं ते.

वर्गाला बघायला नाही, करायलाच जात होते. रोज. मागच्या रांगेत उभी राहून बाकीच्यांची टिंगल करायची, म्हणजे माझ्याकडे कुणी बघणार नाही. आणि हसलं की दुखायचं! पण काठी कसली फसतेय. पहिल्याच दिवशी पाठीला झाडूचा दांडा लावताना तो पट्ट्यावर ठक्कन वाजला. ती सरळ शेजारच्या बाईकडे वळली. शेवटी मी चपला घालत असताना जवळ येऊन म्हणाली, 'दुखतंय तोवर बांधा, पण त्याच्या भरवशावर कुणाला उचलू नका. तुमचं पोट आणि पाठ घट्ट झाली की तो सोडायचा.' त्या दिवसापासून मी तिला तोंडावर काठी म्हणत नाही. पाठीमागे म्हणते.

पट्टा सोडलाय मी. अजूनही कधीकधी दुखतं, खोटं कशाला बोलू? पण दुखलं म्हणजे मोडलं नाही, एवढं त्या बाईनं माझ्या टाळक्यात घातलंय. थोडं दुखत असलं तरी चालायचं, हळूहळू वाकायचं, रोज तेवढा व्यायाम करायचा आणि बरं वाटलं म्हणून तो सोडायचा नाही. आपण नेमकं तिथेच चुकायचो. बरं वाटलं की मोकळ्या.

आणखी एक केलं. काठीनं आणलेला दांडा पुन्हा कुलपात गेला होता, म्हणून मेट्रनच्या खोलीत गेले. म्हटलं, 'दांडे द्या.' म्हणाल्या, 'हरवले तर जबाबदार कोण?' मी म्हटलं, 'बाई, दांडे सांभाळता सांभाळता तुम्ही तीन नर्स हरवल्यात, त्याला जबाबदार कोण?' तोपर्यंत तीनच माहीत होत्या त्यांना. 'चौथी तुमच्यासमोर उभी आहे' म्हटलं आणि तेव्हा अजून कमरेलाच असलेला पट्टा दाखवला. बाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. कपाट उघडलं. वर्गाची वेळही ड्युटीच्या आधी करून घेतली, आणि तो वेळ ड्युटीतच धरायचा. आपल्या वॉर्डाचा दांडा आता माझ्या खिशात असतो. चालताना मांडीवर आपटतो मेला, पण काढत नाही.

परवाच्या पत्रात शेवटी तू लिहिलंस, 'भीती वाटते हो. माझ्या पोरीला कडेवर घ्यायलाही हात पुढे होत नाही.' मी तुला इतकी टाकून बोलले खरी. मलाही वाटत होती गं. बादलीकडे बघितलं तरी घाम फुटायचा. ती भीती पडून राहून गेली नाही. त्या फजितीच्या वर्गात, मावशीशेजारी ओणवं होऊन थरथरत गेली.

आता चार-पाच दिवसांत महिना संपतो. तुझा निरोप मी दिलेला नाही आणि देणारही नाही. द्यायचाच असेल तर स्वतः ये आणि मेट्रनच्या तोंडावर सांग. तेवढ्यासाठी पलंगावरून उठावं लागेल, फाटकापासून वॉर्डापर्यंत चालावं लागेल. काठी म्हणते, चालणं चांगलं. आईला सांग, जाऊबाईंनी बोलावलंय, माझ्या नावानं बोटं मोडली तरी चालतील.

त्या गार हातांच्या पोरीला मी रोज आपल्या कॉटवरून दुसरीकडे पाठवते. मेट्रन विचारतात, 'तुमच्या समोर कोण?' मी सांगते, 'येतेय.'

पट्टा पाठवत नाही. धुऊन, वाळवून तुझ्या कपाटात ठेवलाय. लागलाच तर इथे येऊन घे.

कॉट वर करून ठेवलीय.

दारापाशी उभी असलेली,
तुझी थोरली