वाडग्याचं बूड

दि. ११ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताईस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तुझ्या धाकटीचे दात आले का? इथे मागच्या अंगणातला नळ पुन्हा गळतोय आणि मांजरीने फळ्यांच्या ढिगामागे संसार थाटलाय. बाबा आहेत तसेच. उजवी बाजू गेली ती गेलीच, बोलणंही नाही. दिवसभर सांभाळायला एक मावशी येतात. त्या इतकं बोलतात, की बाबांच्या वाटचंही बोलून होतं.

आणि हसू नकोस, पण मी बाबांच्या लेथवर लाकडाचा वाडगा कातला. पटाशी आणि उलथनं यांतला फरक जिला कळत नाही असं तू म्हणायचीस, तीच मी.

बाबा पडले त्या दिवशी लेथवर एक ठोकळा चढवलेला होता, बाहेरून जेमतेम गोल झालेला. आपल्या घरचा नियम तुला माहीत आहे. एकाने सुरू केलेलं काम दुसऱ्याने पुढे न्यायचं नाही, ते उतरवून चुलीत घालायचं. आजोबा गेले तेव्हा बाबांनी अर्धी झालेली ती देखणी परात जाळली आणि तू दोन वेळा जेवली नाहीस. मला काही ते ताजं, ओलं लाकूड जाळवेना. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. म्हटलं, कसले नियम नि कसलं काय.

सुरुवातीला नुसती फजिती. पटाशी जरा वाकडी लागली की लेथ असा दणका देतो, की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. अशाच एका दुपारी मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जरा थांबवा ते यंत्र," म्हणाल्या. "बाबांचा हात चालतोय."

"कुठला?"

"उजवा."

मी जाऊन पाहिलं तर हात चादरीवर गप्प पडलेला. डॉक्टर म्हणाले, लेथच्या खोलीला बाबांच्या खोलीची भिंत लागून आहे, लेथची थरथर जात असेल. मलाही पटलं. मग आम्ही दोघींनी नीट पाहिलं. लेथ नुसता फिरवला की हात हलत नाही. पटाशी लाकडाला टेकली की हलतो. मधलं दार उघडं ठेवून मावशी उंबऱ्यात उभ्या राहायला लागल्या, एक डोळा माझ्यावर, एक बाबांवर. एकदा पटाशी अडकायच्या बेतात होती आणि त्या ओरडल्या, "मूठ खाली घ्या, बाबा खाली घेतायत." मी घेतली, आणि लाकडाचा कीस न तुटता लांबच लांब निघाला. तसा कीस या घरात फक्त बाबांचा निघायचा. आणि तुझा.

खरं सांगू? मला ते आवडलं. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. त्यांनी लेथ शिकवला तो तुला; मी आपली चहा नेऊन द्यायची. आता या वयात ते माझा हात धरून शिकवत होते. सकाळी अंग पुसताना त्यांच्या नखांत ओला भुसा सापडायचा. मावशी काढायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा असायचा. आम्ही त्याबद्दल बोलणं सोडून दिलं.

वाडगा आतून-बाहेरून झाला. उरलं बूड. गुरूची विद्या गुरूलाच, पण ऐक. वाडगा उलटा करून काठ चामड्याच्या गादीवर दाबला, बुडाच्या मध्यावर लेथचं मागचं टोक टेकवलं आणि बूड किंचित खोलगट करत पटाशी मध्याकडे आणली, म्हणजे नंतर डुगडुगायला नको. शेवटी टोकाखाली लाकडाचा जो खुंट उरतो, तो देठ. तो बारीक करत न्यायचा, मग लेथ थांबवून करवतीने कापायचा.

देठ अंगठ्याएवढा राहिला तेव्हा मावशी म्हणाल्या, "श्वास हळू झालाय." मग तो करंगळीएवढा झाला. मी मान वळवून पाहिलं, तर त्या तोंडावर हात धरून उभ्या. मी लेथ बंद केला आणि आत गेले. बाबांची छाती हलत नव्हती. उजवा हात मात्र चादरीवरून उचललेला, मूठ वळलेली, जणू पुढचा घाव कुठे घालायचा ते बघत होता. मग हात खाली आला आणि श्वास सुरू झाला.

त्यानंतर मी पटाशीला शिवलेली नाही. वाडगा तसाच लेथवर आहे, देठासकट. बाबा आता पाणीही घेत नाहीत. "कशावर जगतायत कळत नाही," असं डॉक्टर म्हणतात. मला कळतं. पाठीला जखमा झाल्यात, ताई. कुशीवर वळवताना त्यांच्या घशातून जो आवाज येतो, तो ऐकवत नाही. आणि ओलं लाकूड कुणासाठी थांबत नाही. काल काठाला केसाएवढी चीर गेली. आज सकाळी बाबांचा खालचा ओठ फुटला.

परवा वखारवाला भेटायला आला होता. त्याने लेथवर पाहिलं आणि म्हणाला, "हा तर थोरलीचा ठोकळा. तुमच्या बाबांनी तिच्यासाठी स्वतः निवडून नेला होता. म्हणाले, रागावलीय, पण वाडगा पाठवला तर परत नाही करायची." तू लग्न करून निघालीस तेव्हा बाबा 'पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस' म्हणाले होते, आणि तू ते अगदी शब्दशः पाळलंस. बाप तशी लेक. मी तुम्हा दोघांच्या मध्ये काय करायचं, ते मला कुणी शिकवलंच नाही.

काल मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "ताईला बोलावू?" हात हलला. लेथ बंद होता.

तेव्हा तू ये. देठ तू काप, मी त्यांच्याजवळ बसते. येणार नसशील तर तसं लिही, मी रागावणार नाही. मग मावशींना त्यांच्याजवळ बसवून मीच करवत हातात घेईन. पण चीर बुडापर्यंत उतरायच्या आत आपल्यापैकी एकीला ते करावं लागेल.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा बाबा असतील. तेवढं माझ्या हातात आहे.

तुझी वाट पाहणारे,
धाकटी आणि बाबा