दिवा वाढवा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज नव्या घरात राहावयास आलो. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे आणि हवेशीर आहे. पसंतीचे मुख्य कारण बैठकीतील आतली भिंत. तिच्यावर थेट ऊन पडत नाही, त्यामुळे टाकीत शेवाळ माजण्याची भीती नाही. टाकी हिची आहे. खाऱ्या पाण्याची, आत जिवंत प्रवाळ असलेली. (दिवंगत पत्नीचा उल्लेख ‘ही’ असा करावा की ‘ती’ असा, हा व्याकरणाचा प्रश्न तूर्त बाजूस ठेवला आहे. ‘ही’ म्हणजे जवळची.)

दगड, पाणी आणि प्रवाळ पिंपांत भरून आणले. पाण्याचे बिऱ्हाड हलवणारा माणूस आम्ही प्रथमच पाहिला, अशी हमालांनी थट्टा केली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, असे लक्षात आले. नुकसान एकच झाले: टाकीवरचा दिवा फुटला. प्रकाशाविना प्रवाळ जगत नाही, आणि हिच्या हातचे जिवंत असे तेवढेच उरले आहे. उत्तम दिवा घ्यावयाचा, असे ठरवले. चित्त प्रसन्न आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

जवळच मत्स्यालयाचे दुकान सापडले. दुकानदार बोलका गृहस्थ आहे. तीनचार दिवसांच्या अंधाराने प्रवाळाचे काही बिघडत नाही, असा त्याने प्रथम धीर दिला. माझी नजर सर्वांत लखलखीत पांढऱ्या दिव्यावर होती. तो म्हणाला, “काका, हा लग्नाच्या मांडवाला लावा. पोवळ्यावर लावलात तर ते घाबरून पांढरं पडेल.” निळसर छटेचा, तेज कमीजास्त करता येणारा आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून बंदिस्त असा दिवा त्याने सुचवला. आरंभी तेज पाव ठेवावे आणि काही आठवडे घेऊन हळूहळू चढवावे. रात्री पूर्ण अंधार द्यावा. दिवा टाकीच्या काठावर न टेकवता भिंतीला पक्का करावा. वायरीला विजेच्या खटक्याच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेला थेंब झोळातून जमिनीवर पडतो, खटक्यात शिरत नाही.

सर्व सूचना तंतोतंत पाळल्या. संध्याकाळी दिवा लावला. बोटांसारख्या फांद्यांचे ते प्रवाळ हिरवेजांभळे उजळले. पाहावयास मात्र मी एकटाच होतो. ‘बघितलंत का?’ असे म्हणणारे कोणी नसले की पाहणे लवकर संपते.

सोमवार, १० नोव्हेंबर

खाऱ्या टाकीच्या काठावर मिठाची पांढरी साय धरते. ती रोज पुसावी लागते. आज सकाळी पुसण्यापूर्वी त्या सायीत अक्षरांचा भास झाला. ‘अहो’. हिची हाक. मीठ वाळताना कोणतीही आकृती घेऊ शकते. पुसले.

दिवसभरात एका शब्दानेही कोणाशी बोललो नाही. त्याचा हा परिणाम असावा.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज काचेवर, डोळ्यांच्या पातळीला, पुन्हा ‘अहो’. त्याखाली: ‘दिवा वाढवा’.

भास नव्हे. चष्मा पुसून पुन्हा वाचले. इकाराची वेलांटीदेखील हिच्यासारखी, वर जरा अधिक ओढलेली.

रुग्णालयातील परिचारिकेने सांगितलेली गोष्ट आठवली. मी औषध आणावयास खाली गेलो असता हिने शेवटचे तेवढेच शब्द उच्चारले: “दिवा वाढवा.” त्या भल्या मुलीने खोलीतील सर्व दिवे लावले. ही उजेडात गेली, या विचारावर मी आजवर तग धरून आहे. आता पुन्हा तेच मागणे आहे. दुकानदाराला हिचे मन काय ठाऊक? तेज निम्म्यावर नेले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मीठ रोज धरते. शब्द तेच, परंतु अक्षरे आता घाईची. मी रोज तेज चढवतो. प्रवाळाच्या फांद्यांची टोके फिकी पडली आहेत. दुकानदाराला फोन केला, तो रागावलाच. पोवळे भाजून काढताय काय, असे म्हणाला.

आणखी एक नोंद. टाकीच्या काचेत माझ्या प्रतिबिंबामागे कोणी आडवे पडलेले दिसते. डोळ्यांवर हात आडवा. वळून पाहिले. मागे रिकामा कोच.

रविवार, १६ नोव्हेंबर

तेज पूर्ण केले. प्रवाळ पांढरे. सगळे. कोचावर ओल आहे, आणि ओलीला मिठाची कड.

दुपारी मोठ्या मेहुणीबाईंचा, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा, चौकशीचा फोन आला. जेवता का, वगैरे. त्यांना बरे वाटावे म्हणून परिचारिकेची गोष्ट सांगितली. त्यांनी ते शेवटचे शब्द पुन्हा नेमके विचारून घेतले. मग म्हणाल्या, “भावजी, आमच्या आईकडे दिवा विझव असं कुणी म्हणायचं नाही. अशुभ वाटायचं. बांगडी फुटली की वाढली म्हणतात ना, तसंच. वाढव म्हणजे मालव.”

माझ्यापाशी ही नेहमी ‘बंद करा’ म्हणत असे. माहेरचे शब्द माहेरीच ठेवले होते. तापात माणूस आईच्या भाषेत बोलते, असे मेहुणीबाई म्हणाल्या. आणि म्हणाल्या, डोके दुखू लागले की हिला लहानपणापासून उजेड सोसत नसे. दिवे वाढवायला लावायची. मग डोळ्यांवर हात आडवा टाकून—

फोन कधी ठेवला, आठवत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

टाकीवरचा दिवा मालवला. प्रवाळ मरेल. ठाऊक आहे. अंधारात हात जोडून क्षमा मागितली. खोली एकदम निवली. कोचावरून सुस्कारा. हिचाच.

बरे वाटले. हे लिहून ठेवतो: बरे वाटले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर, तिन्हीसांजा

बैठकीच्या खटक्यावर मीठ. मालवला.

स्वयंपाकघर. मालवला. रस्त्यावरचा उजेड येतो म्हणून खिडकीवर चादर बांधली.

आता टेबलावरचा हा एकच. त्याच्या छत्रीवर साय धरते आहे. मी लिहितो आहे तोवर धरते आहे— अहो—

एवढे पान होऊ दे, असे म्हणालो. मोठ्याने म्हणालो. कोच करकरला.

सर्वनाम बरोबर होते. ही. जवळची.

चष्म्याच्या काचांवर मीठ. आतल्या बाजूने. पुसले. पुन्हा. दिव्याविषयी नाही हे मागणे— दिवा तर मी मालवतोच आहे— माझ्या डोळ्यांविषयी—

डोळ्यांवर हिचा हात. ओला आहे. आडवा. थंड. किती हळू ठेवला—

हो. वाढव