पुढे केलेले दोन्ही हात

गुरुवार, १४ ऑगस्ट. ऑकलंड

बाबांना जाऊन तीन दिवस झाले. आमच्यात दफन त्याच दिवशी उरकतात, त्यामुळे ठाण्याला वेळेत पोहोचणं शक्यच नव्हतं. निदान त्यांच्यासाठी कादिश तरी म्हणायचं होतं. पण त्या प्रार्थनेला दहा जण लागतात. इथे दहा ज्यू आणायचे कुठून? युनिव्हर्सिटीच्या ज्यू ग्रुपमध्ये मी आजवर फक्त जेवायला गेलेलो. तो चालवणाऱ्या नोआला भीतभीत मेसेज केला, तर आज संध्याकाळी माझ्यासकट नऊ जण हजर! दहावा लॅबमधून धावत आला, भर थंडीत, नुसत्या जँडल्सवर, म्हणजे आपल्या रबरी स्लिपरांवर.

माझी चाल ठाण्याची, त्यांना अनोळखी. तरी जिथे म्हणायचं तिथे सगळे आमेन म्हणाले. खूप बरं वाटलं.

संपल्यावर सवयीने शेजारच्या बेनपुढे दोन्ही हात केले. आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेनंतर हातबोशी करतात. एकमेकांचे हात हातात घ्यायचे, मग आपली बोटं ओठांना लावायची. बेन गोंधळला. त्याने माझा एकच हात धरून हलवला आणि म्हणाला, "सॉरी, मेट." चांगला मुलगा आहे. मग मला एवढं का लागलं?

फेब्रुवारीत विमानतळावर बाबांनी असेच दोन्ही हात पुढे केले होते. कॉलेजचे मित्र बघत होते. मी एकच हात मिळवला आणि ट्रॉली ढकलत आत गेलो.

बेनला ठाऊक नव्हतं. मला होतं.