फोटोपुरती भिंत

तीर्थरूप बाबा, पुण्याहून तुमच्या गीताचा दंडवत.

मी बरी आहे. नेपाळात भूकंपात पडलेली घरं बांधाले आमी वीस जण सोमवारी निघतो. पण इथलं तयारीचं शिबिर पाहून शिसारी येते. हेल्मेट घालून नुसते फोटो काढून राहिले लोक!

परवा सरावाची भिंत बांधताना मी शिबिराच्या सरले म्हटलं, "सर, विटा आधी भिजवा न, कोरडी वीट सिमेंटचं पाणी पिते." ते हसले, "अगं, फोटोपुरती उभी राहिली की झालं!" संध्याकाळी भिंत पडली. आईले सांगू नोका, माह्या पायावर एकच वीट पडली. सूज उतरली आता. आईचे गुडघे कसे आहेत?

मले लय किळस आली. सरले तोंडावर म्हटलं, "तिथं भिंतीखाली लेकरं झोपतीन. गवंडी आणा, नाही तं मी येत नाही." चौघं माह्या बाजूनं उभे राहिले.

आज बाजूच्या बांधकामावरच्या गवंडी मैनाबाई शिकवाले आल्या. त्यांनी विचारलं, "विटा भिजवायचं तुला कुणी शिकवलं?"

"माहे बाबा गावी, शेंदूरजनाघाटले, गवंडी आहेत," मी सगळ्यांदेखत सांगितलं. महिनाभर इथं तुमाले ठेकेदार म्हणून सांगत होती, बाबा. स्वतःचीच किळस आली. माफ करजा.

तुमची,
गीतांजली