'यथाशक्ती' या शब्दाची विल्हेवाट

मी, पन्नाशी उलटलेला, सभागृहाच्या पत्रकार कक्षात डावीकडच्या तिसऱ्या खुर्चीत बसून उभा जन्म घालवलेला वार्ताहर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला आमच्या घरच्या डॉक्टरांनी खाली दिला आहे. हृदयाबद्दल त्यांना तसा दाखला देता येईना, म्हणून तर हा खटाटोप. येत्या गुरुवारी सकाळी सरकारी रुग्णालयात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. मला भीती वाटते. हे वाक्य मृत्युपत्रात शोभत नाही, असे वकिलांचे मत पडले. मी म्हटले, असू द्या, बाकीची वाक्ये त्याच्याच टेकूने उभी आहेत.

माझी पत्नी सभागृहाची निवडून आलेली सदस्य आहे. यापुढे तिचा उल्लेख 'सदस्या' असा केला आहे. तिला घरात तोंडावर असे म्हणण्याइतकी माझी छाती नाही; जी आहे ती गुरुवारी उघडणार आहेत.

कलम १. राहते घर आम्हा दोघांच्या नावे आहे. माझा निम्मा हिस्सा सदस्येला मिळावा. वाचनाच्या खोलीची खिडकी वाऱ्याने आपटते, म्हणून तिच्या फटीत आरोग्य खात्याचा एक जाडजूड वार्षिक अहवाल बसवला आहे. तो काढू नये. इतका भक्कम आधार त्या अहवालाने दुसऱ्या कोणाला दिल्याचे ऐकिवात नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलीला. तिने गेल्या आठवड्यात माझी समजूत घातली होती, "बाबा, आपण खासगीत जाऊ. तारीख तरी आपल्या सोयीची मिळेल." बोलणे बिनतोड होते. पण सदस्येने मागच्या निवडणुकीनंतर भर सभागृहात जाहीर केले आहे की तिचे कुटुंब सरकारी रुग्णालयातच उपचार घेईल. त्या वाक्यातले 'कुटुंब' म्हणजे मी, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा बाके वाजवून झाली होती.

कलम ३. माझे सर्व संस्कृत कोश मेहुण्याला द्यावेत. त्याला संस्कृतचा गंध नाही, परंतु पुस्तके जड आहेत आणि त्याला व्यायामाची गरज आहे. त्याने माझ्याकडून नेलेली शिडीही त्यालाच बहाल करतो. परत मागून मी थकलो. मालकी त्याची झाली म्हणजे निदान सदस्येला ती उसनी तरी मिळेल.

कलम ४. आमच्या वृत्तपत्रातील मुख्य उपसंपादक, ज्याला सगळे 'कात्री' म्हणतात, त्याला मी काहीही ठेवत नाही. तो विसरला असेल, म्हणून कारण लिहितो. नवऱ्याने बायकोची बातमी द्यायची नाही, हा आमच्याकडचा नियम. नियम रास्त आहे. सदस्या बोलायला उठली की मी पेनाला टोपण लावत असे आणि नुसता ऐकत असे. तिचे भाषण दुसऱ्याने लिहावे अशी व्यवस्था होती. तो दुसरा लिहीत असे आणि कात्री चालत असे. परिणामी आमच्या अंकात आरोग्यावरच्या प्रत्येक चर्चेच्या शेवटी एकच ओळ येई: 'चर्चेत इतर सदस्यांनीही भाग घेतला.' माझ्या पत्नीचे छापील नाव 'इतर' आहे. एकदा तिने सकाळी अंक उघडून विचारले होते, "आज मी अनेकवचनी आहे का?" मी होय म्हणालो आणि चहा टाकायला गेलो.

कलम ५. तेव्हा 'इतर' सदस्यांनी काय भाग घेतला ते कुठेतरी नोंदलेले असावे, म्हणून इथे नोंदतो. वकिलांनी हे कलम वगळायला सुचवले आहे. वकील मला व्यवसायाने प्रिय आहेत, मताने नाहीत.

राजकारणात येण्यापूर्वी सदस्या औषधांचे दुकान चालवत असे. तिचे पहिले भाषण लसी ठेवण्याच्या शीतपेटीवर होते. वीज गेली की पेटीचे कपाट होते, एवढेच ती म्हणाली आणि खाली बसली. त्यावर मंत्री म्हणाले, तपासून घेऊ. तपासायला दोन सरकारे लागली. दुसऱ्या एका वर्षी तिने उपप्रश्न विचारला की शस्त्रक्रियागृहाबाहेर रुग्णाच्या नातेवाइकांनी नेमके कशावर बसावे असे शासनाचे धोरण आहे. सभागृह हसले. पुढच्या अधिवेशनापर्यंत बाक आले, लोखंडी, पाठ टेकता येणारे. तिच्या कारकिर्दीतली ही एकच मागणी तातडीने मान्य झाली, कारण मंत्र्यांच्या सासूबाई त्याच सुमारास तिथे उभ्या होत्या.

आता राष्ट्रीय आरोग्य धोरणाचा कायदा होतो आहे. त्यात एक वाक्य आहे: 'शासन प्रत्येक रुग्णास यथाशक्ती उपचार देईल.' मसुदा घरी आला त्या सकाळी सदस्येने मला विचारले, "अहो, हे यथाशक्ती म्हणजे नक्की काय?" असा प्रश्न माझ्या नशिबी क्वचित येतो. मी पोळी खाली ठेवून सांगितले: अव्ययीभाव समास, विग्रह 'शक्ती ओलांडल्याविना'. पुढे हेही म्हणालो की मोठा विनयी शब्द आहे, उगाच बढाई मारत नाही. ती म्हणाली, "म्हणजे किती द्यायचं ते सांगत नाही. कुठे थांबायचं तेवढं सांगतो." इतकी वर्षे व्याकरण घोकून मला हे सुचले नव्हते.

त्याच आठवड्यात तिने हा शब्द वगळण्याची दुरुस्ती दिली आणि पहिल्या वाचनाच्या वेळी ती बोलली. मी टोपण लावून ऐकले ते असे: "माझ्या दुकानात माणसं औषध यथाशक्तीच घेत. चिठ्ठीवर गोळ्यांची अख्खी पट्टी लिहिलेली असे, ती कापून अर्धी मागत. मी कापून देत असे. आजार मात्र कुणी अर्धा करून आणला नाही." कोणी हसले नाही. मंत्र्यांनी उत्तरात माझाच विनयाचा मुद्दा मांडला; तो त्यांना कोणी पुरवला ठाऊक नाही, मी नव्हे.

कलम ६. आता मुख्य गोष्ट. त्या दुरुस्तीवर मतदान गुरुवारी सकाळी आहे. सभागृहाचा नियम असा की नाव पुकारले जाईल तेव्हा सदस्य जागेवर नसेल तर दुरुस्ती आपोआप गळून पडते. ती दुसऱ्या सदस्याच्या नावे देण्याची मुदत टळली आहे. आणि माझी तारीखही गुरुवारचीच आली. ती नाकारली तर नाव यादीच्या तळाला जाते, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुमच्या झडपेला यादी कळत नाही.

सदस्येने मला न विचारता ठरवले आहे की ती गुरुवारी माझ्यापाशी, म्हणजे शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या त्या बाकावर, बसणार. दुरुस्तीला विरोध करणाऱ्यांना हे कळले आहे आणि तिथे माझ्या प्रकृतीची फार आस्थेने चौकशी होते. तिला मी दोनदा समजावले. दोन्ही वेळा तिने भाजी निवडायला घेतली. म्हणून हा मार्ग: माझ्या पश्चात सदस्येने शोक बाजूला ठेवून गुरुवारी सभागृहात हजर राहावे आणि आपली दुरुस्ती मांडावी, ही माझी अंतिम इच्छा आहे.

कलम ७. हे कलम नंतर जोडले आहे. वरची सहा कलमे मी आज जेवणाच्या टेबलाशी दोघा साक्षीदारांना वाचून दाखवत होतो. सदस्या मागे उभी राहून ऐकत होती. पुढे जे झाले ते लिहिणे भाग आहे, कारण या कागदावर खाडाखोड आहे आणि उद्या कोणी तिचे कारण विचारील.

सदस्येने चष्मा लावून कागद मागितला. सहावे कलम तिने दोनदा वाचले.

"अहो, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं ना?"

मी होय म्हणालो.

"मग गुरुवारी सकाळी तुम्ही गेलेले नसाल, टेबलावर असाल. तेव्हा मी कुठे असावं, हे यात कुठे लिहिलंय?"

पहिले साक्षीदार, सभागृहातले निवृत्त लघुलेखक, खोकले. त्यांनी तिची सगळी भाषणे उतरवून घेतली आहेत, आणि तिने एखाद्या मसुद्यातले भोक दाखवले की ते पूर्वीही असेच खोकत. तिने शांतपणे पुढे सांगितले की कलम जिथे गप्प आहे तिथे ती मोकळी आहे, सबब ती बाकावर बसेल. कायदे वाचणाऱ्या बाईशी संसार करून मी असे कलम लिहिले, याला भीतीच कारण. भीतीने माणूस थेट शेवटच्या पानावर जातो.

मी विचारले, "बाकावर बसून काय करशील?"

"वाट बघीन."

"ती सभागृहातही बघता येते."

तिने कागदाची कड घडी केली. मग म्हणाली, "शुद्धीवर याल तेव्हा कोण दिसेल तुम्हाला?"

"लेक दिसेल. तिला बसव तुझ्या बाकावर. आणि तू मांडून ये. ते अर्धी पट्टी घेणारे लोक, त्यांच्या बाजूने त्या दिवशी दुसरं कोणी उठणार नाही."

ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, परत आली. हात कोरडेच होते. "मग तसं लिहा," ती म्हणाली, "गप्प जागा ठेवू नका."

म्हणून मी लिहिले:

मी टेबलावर असताना सदस्येने सभागृहात असावे. दुरुस्ती मांडून, मत देऊन तिने सरळ रुग्णालयात यावे. तोवर मी 'यथाशक्ती' शुद्धीवर येईन.

शेवटच्या वाक्यातला 'यथाशक्ती' हा शब्द सदस्येने माझ्या हातातले पेन घेऊन खोडला. दुसरे साक्षीदार, आमचे घरचे डॉक्टर, म्हणाले की वैद्यकीयदृष्ट्या रुग्णाला असे बिनशर्त आश्वासन देता येत नाही. सदस्या म्हणाली, "डॉक्टर, शासनाचंही हेच म्हणणं आहे."

कलम सातमधील एक शब्द खोडला आहे. ही खाडाखोड मला मान्य असून ती माझ्यावर बंधनकारक आहे.

मृत्युपत्रकर्ता: सही
दुरुस्ती सुचवणारी: सही
साक्षीदार पहिले, निवृत्त लघुलेखक: सही
साक्षीदार दुसरे, घरचे डॉक्टर: सही. रुग्ण पूर्ण शुद्धीत आहे, घाबरलेला आहे, नाडी आता थोडी बरी लागते.

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल
दिनांक: मतदानापूर्वीचा मंगळवार