तेविसाव्या मशीनपासून पुढे

८ फेब्रुवारी १९९९, सोमवार

झालं! ऑर्डर हातात आली. कंपनीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर काय टाकायचं आणि काय काढायचं, ते आजपासून मी बघायचं. मी — टायपिस्ट कांचनबेन! तीन महिने माझं काम बघणार, जमलं तर कायम.

आमचे मॅनेजर अविनाशसाहेब म्हणाले, "ज्याला जे मिळालं ते त्याने भरून ठेवलंय. मला सगळीकडे एकसारखं हवंय, ऑडिटच्या आधी." मशिनं किती, ते त्यांनाही माहीत नाही. कोणी म्हणतं पन्नास, कोणी सत्तर. दिवसभर या शेडमधून त्या शेडमध्ये हिंडले. साडीला ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा वास लागलाय. त्रेसष्ट आहेत. आजच्या घडीला हा आकडा अख्ख्या कंपनीत फक्त मला माहीत आहे!

११ फेब्रुवारी, गुरुवार

एक ते चार झाली. प्रत्येक मशीनला नंबर दिला, वहीत एक पान दिलं. काय होतं, काय काढलं, काय टाकलं, तारीख, वापरणाऱ्याची सही.

काय काय सापडतं! परचेसमध्ये कुंडलीचा प्रोग्रॅम. अख्ख्या डिपार्टमेंटच्या पत्रिका आत. काढते म्हटल्यावर हेतलबेन हात जोडून उभी — "बेन, भाणीचं लग्न ठरेपर्यंत तरी राहू द्या ने!" तिच्या भाचीच्या पत्रिका छापून दिल्या आणि मग काढला. टाइमकीपरकडे गुजराती फाँट नऊ तऱ्हेचे, आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्यात उघडत नाही. एकच ठेवला.

एखादा प्रोग्रॅम काढताना शेवटच्या क्षणी मशीन विचारतं, नक्की काढू का? दर वेळी वहीतली नोंद परत वाचते. दर वेळी 'हो' दाबते.

२४ फेब्रुवारी, बुधवार

आज डिस्पॅच — मशीन नंबर तेवीस. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, कुणीतरी कॉपी करून आणलेला. काढला. पुढे गेले.

आता हात बसलाय. एका मशीनला दोन तास लागायचे, आता पन्नास मिनिटं. माझ्या फ्लॉपीवर फाँट आणि दोन-चार छोटे प्रोग्रॅम आहेत, रोज त्यातच भर घालते. इरा म्हणते, "आई, तू डॉक्टरसारखी पिशवी घेऊन जातेस." अकरावीतल्या मुलीने आईबद्दल एवढं बोलणं म्हणजे खूपच झालं.

१२ मार्च, शुक्रवार

ड्रॉइंग ऑफिस. मशीन अडतीस — शिर्केसाहेबांचं.

मनात धाकधूक होतीच. प्रतापसिंहराव शिर्के म्हणजे ड्रॉइंग ऑफिसचे सर्वेसर्वा. अकरा वर्षं मी त्यांच्याच हाताखाली टायपिंग केलं. पानावर एक चूक दिसली तर लाल पेन्सिलने एक गोल करायचे आणि कागद परत. तोंडातून शब्द नाही. त्या गोलाला मी जेवढी भ्यायले तेवढी सासूबाईंनाही भ्यायले नाही.

त्यांच्या मशीनवर बुद्धिबळ होतं.

"साहेब, हे काढावं लागेल."

"दुपारच्या सुट्टीत खेळतो. कामाच्या वेळात नाही."

"नियम सगळ्यांना एकच आहे, साहेब."

"कांचनबाई, तुम्ही आमच्याच खात्यातून गेलात ना?"

"म्हणून तर. तुमचं ठेवलं तर बाकीच्यांचं कुठल्या तोंडाने काढू?"

सगळे ड्राफ्ट्समन माना खाली घालून ऐकत होते. शिर्केसाहेब उठले, खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. मी काढलं. फ्लॉपी घातली, फाँट टाकले, फ्लॉपी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. सही मागितली. केली त्यांनी — वळणदार, नेहमीसारखी. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

१३ मार्च, शनिवार

जिंकले, पण जेवण गेलं नाही.

१८ मार्च, गुरुवार — पाडवा

दांडिया बाजारात सासूबाईंकडे गुढी. काकासाहेबांनी विचारलं, "काय गं, टायपिंग सोडलंस म्हणे? मग आता करतेस काय?" सांगायला लागले, तर आनंदच मधे बोलला, "अहो, हिच्या परवानगीशिवाय त्यांच्या कंपनीत एक बटणसुद्धा हलत नाही." नवरा रिफायनरीतल्या शिफ्टमधून दमून आलेला, पण हे बोलताना डोळे हसत होते. पुरणपोळी गोड लागली.

२७ मार्च, शनिवार

त्रेसष्ट! संपलं!! वही भरली. त्रेसष्ट पानं, त्रेसष्ट सह्या. ऑडिटवाल्याने वही उलटसुलट केली, कुठलंही पान उघडून चार मशिनं जाऊन पाहिली. शब्दन्‌शब्द जुळला. अविनाशसाहेबांना म्हणाला, "ही बाई कुठून आणलीत?"

आमच्याच टायपिंगमधून! मी मनातल्या मनात.

७ एप्रिल, बुधवार

पुण्याहून अँटिव्हायरसची नवी फ्लॉपी आली. आपल्याकडची दोन वर्षं जुनी होती, नवे व्हायरस तिला ओळखूच येत नाहीत. सगळ्यात मोलाची म्हणून ड्रॉइंग ऑफिसची मशिनं आधी घेतली. वीस वर्षांची ट्रान्सफॉर्मरची ड्रॉइंगं आहेत तिथे.

अडतीस नंबरवर लाल अक्षरं आली. व्हायरस.

सोबतचा कागद दोनदा वाचला. हा गप्प बसून राहतो. २६ एप्रिलला मशीन चालू केलं की आतलं सगळं पुसतो, मशीनसुद्धा कामातून जाऊ शकतं. एकोणीस दिवस!

अविनाशसाहेब धावत आले. "शिर्क्यांचं मशीन? ते बुद्धिबळ होतं तेच ना?"

मी म्हटलं, "हो, होतं."

एवढंच म्हटलं.

९ एप्रिल, शुक्रवार

शिर्केसाहेबांना मेमो. परवानगी नसलेला खेळ आणून कंपनीची मशिनं धोक्यात घातली म्हणून. बत्तीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. सप्टेंबरात रिटायर होतात. शिपाई सांगत होता — वाचला, घडी घातली, खिशात ठेवला, पुढचं ड्रॉइंग उघडलं.

वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर — नियम मी सांगितला होता, आणि मी बरोबर होते, हेही वाटलंच. इथे खोटं कशाला लिहू?

१७ एप्रिल, शनिवार

रोज आठ-नऊ मशिनं. साफ करायचं, परत तपासायचं, प्रोग्रॅम बिघडला असेल तर काढून नव्याने टाकायचा. मान धरलीये. पण प्रत्येक मशीन हातावेगळं झालं की जीव थंड होतो. हेतलबेन ठेपले आणून भरवते — "खाई लो, बेन, तमे ज अमारा डॉक्टर."

२१ एप्रिल, बुधवार

सगळी तपासून झाली. एक्केचाळीस मशिनं लागलेली, बावीस चांगली.

कुठली चांगली, म्हणून वहीत खुणा करायला बसले. एक, दोन, तीन... बावीसपर्यंत सगळी चांगली. तेवीसपासून पुढे सगळी लागलेली. मधे एकही सुटलेलं नाही.

वहीतला क्रम म्हणजे मी ज्या क्रमाने गेले तो क्रम.

खुणा परत एकदा मोजल्या. मग पिशवीतून माझी फ्लॉपी काढली आणि तपासली.

लाल अक्षरं.

फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी असते. ती सरकवून ठेवली की फ्लॉपीवर बाहेरचं काही उतरत नाही. रोज भर घालायची म्हणून मी ती सरकवलीच नव्हती. डिस्पॅचच्या त्या शर्यतीच्या खेळातून व्हायरस माझ्या फ्लॉपीवर आला, आणि मी तो टेबलाटेबलावर जाऊन, सही घेऊन, एकेकाला वाटला. शिर्केसाहेबांनाही मीच दिला.

डॉक्टर!

२२ एप्रिल, गुरुवार

आनंदला सांगितलं. चहा तसाच राहिला त्याचा. म्हणाला, "सगळं साफ झालंय ना? कुणाचं काही गेलं नाही ना? मग गप्प बस. तीन महिने पुरे व्हायला आलेत. ते शिर्के तर चाललेच आता."

चुकीचं बोलला नाही. माझ्यासाठीच बोलला. तरी त्याच्याकडे बघवेना.

२३ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं.

आधी अविनाशसाहेबांना. वही समोर ठेवली, तेवीसवर बोट ठेवलं, बाजूला फ्लॉपी ठेवली. त्यांनी पानं उलटून पुढचे नंबर पाहिले. मग उठून दार लोटलं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"मिस्टरांना."

"मग इथेच राहू दे. मेमो मी सावकाश मागे घेतो. तुम्ही कुणाला सांगायची गरज नाही."

"साहेब, मेमो सगळ्यांना माहीत आहे. सावकाश मागे घेतलेला कुणाला कळणार?"

"तुमचं कायमचं व्हायचंय, कांचनबेन. सगळ्यांना कळलं, तर मग मला जमणार नाही हं."

तरी वही आणि फ्लॉपी उचलली. ड्रॉइंग ऑफिसात गेले. दारातच उभी राहिले. बारा माणसं. गुजरातीतच बोलले, सगळ्यांना नीट कळावं म्हणून. व्हायरस शिर्केसाहेबांच्या खेळातून आला नाही. माझ्या फ्लॉपीतून आला. एक्केचाळीस मशिनांवर मी नेला. चूक माझी, मेमो त्यांना मिळाला. मी सगळ्यांसमोर माफी मागते.

सगळ्यांच्या नजरा शिर्केसाहेबांकडे वळल्या.

शिर्केसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, आता लाल पेन्सिल!

"बसा," ते म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. शिपायाला म्हणाले, "बाईंना चहा." मग मला मराठीत विचारलं, "सोमवारी मशिनं चालू होतील ना?"

"होतील."

"खात्री?"

"रविवारी येऊन परत एकदा सगळी बघणार आहे."

"मग झालं."

चहा प्याले. पूर्ण. घरी येऊन आनंदला सांगितलं. आज भाजी त्याने चिरली.

२५ एप्रिल, रविवार

त्रेसष्टच्या त्रेसष्ट परत तपासली. एका दिवसात! इराला सोबत नेलं होतं. ती नंबर वाचायची, मी खूण करायची. फ्लॉपी नवीन. पट्टी सरकवलेली.

२६ एप्रिल, सोमवार

सात वाजता गेटवर. दुसऱ्या कुणी मशीन चालू करायचं नाही, असं सांगून ठेवलं होतं. एक नंबरपासून सुरुवात केली. बटण दाबायचं, श्वास धरायचा, पडद्यावर खिडकीचं चित्र आलं की पुढे. सव्वीसपासून माझ्यामागे माणसं चालायला लागली. अडतीसला शिर्केसाहेब स्वतः खुर्ची मागे ओढून उभे. दाबलं. चालू. त्यांनी एक ड्रॉइंग उघडलं, बारकाईने पाहिलं, मान हलवली.

त्रेसष्टावं सिक्युरिटीच्या केबिनमधलं. चालू! कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. हेतलबेन रडली. मीही.

दुपारी कळलं, शेजारच्या एका कारखान्यात सकाळी पडद्यावर नुसता काळोख. दुपारनंतर तिथे जाऊन आले, जे जमलं ते सांगितलं. आमचं एकही गेलं नाही. एकही! ज्या हातांनी लावलं त्याच हातांनी काढलं, हे मला माहीत आहे. तरी आज मान ताठ आहे, आणि ती तशी असू दे.

३० एप्रिल, शुक्रवार

शिर्केसाहेबांचा मेमो मागे घेतल्याची नोटीस बोर्डावर लागली. आणि मी कायम! अविनाशसाहेब म्हणाले, "तुम्ही माझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणायला तोंड ठेवलं नाहीत." आनंदने दुलीरामचे पेढे आणले. मला वाटतं, आयुष्यात मी जे काही केलं त्यात ड्रॉइंग ऑफिसच्या दारात उभी राहिले, ते सगळ्यात मोठं. हे इथेच लिहिते. बाहेर कुणाला बोलून दाखवणार नाही.

५ मे, बुधवार

आजवर फक्त प्रोग्रॅम तपासायचे. आज पहिल्यांदा सगळ्या फायली तपासायला लावल्या. अडतीस नंबरवर नावं भराभर सरकत होती, त्यात माझ्या नावाची एक फाईल गेली. शिर्केसाहेब जेवायला गेलेले. उघडायला नको होतं. उघडली.

शिर्केसाहेबांनी अविनाशसाहेबांना लिहिलेलं पत्र. बुद्धिबळाची सीडी भाच्याच्या कॉम्प्युटरवर तपासून घेतली, तिच्यात दोष नाही. १२ मार्चला कांचनबाईंनी जी फ्लॉपी घातली तिची पट्टी सरकवलेली नव्हती, मी स्वतः पाहिलं. दोष तिच्यात असावा, तपासावी. खाली नाव, हुद्दा. तारीख ८ एप्रिल. मेमोच्या आदल्या दिवशीची.

पाठवलंच नाही.

म्हणजे मी दारात उभी राहिले, तेव्हा त्यांना नवीन काही कळलं नाही. पंधरा दिवस ते वाट बघत होते, मी कधी येते त्याची.